ही गोळी अजून कशासाठी?

त्या आठवड्यात मला अजिबात झोप लागत नव्हती, आणि झोपेच्या गोळ्यांच्या कपाटाची चावी तर माझ्याच पर्समध्ये असते.

मी फार्मासिस्ट आहे. नेरूळला एका केअर होममध्ये दुपारची नोकरी करते. दोन मजले भरून आजी-आजोबा आहेत. त्यांचे आठवड्याच्या गोळ्यांचे डबे भरणं आणि दर बुधवारी डॉक्टर येतात तेव्हा त्यांच्या मागे फिरणं, हे माझं काम. नवरा कळंबोलीला स्टील मार्केटमध्ये अकाउंट्स बघतो, घरी दुसरं कोणी नाही. म्हणून शाळेची व्हॅन माझ्या साडेचार वर्षांच्या मनवाला थेट होमच्या गेटवर आणून सोडते. रेगे मॅडम, म्हणजे आमच्या इनचार्ज, यावर काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाचं मला जास्त टेन्शन येतं.

तर काळज्या दोन होत्या. पहिली, वरच्या मजल्यावरच्या आनंदी आजी. त्यांची एक गोळी आम्ही कमी करत करत बंद केली होती, माझ्या सांगण्यावरून, आणि त्या ओरडायला लागल्या होत्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ओरडणं थांबलं नाही तर ती गोळी परत सुरू होणार होती. म्हणजे आजी परत दिवसभर मान टाकून बसणार, लाळ गळणार, स्वतःच्या मुलीला ओळखणार नाहीत.

दुसरी काळजी मनवा. तिला काही म्हटलं की ती तेच परत म्हणते. "भूक लागली का?" "भूक लागली का." "मी तुला विचारतेय." "मी तुला विचारतेय." आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "शाळेत बाई म्हणतात आणि मुलं मागून म्हणतात ना, तोच खेळ चाललाय. थांबा थोडं, काही करू नका." जगातल्या सगळ्या आजी-आजोबांच्या बाबतीत मी हेच सांगत फिरते. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मात्र काही न करणं हे मला फार मोठं काम वाटतं.

अशा नोकरीत किस्से कसे साठतात, विचाराल तर गोळ्यांसारखेच. एकदम कोणी डबा भरून आणत नाही. एकेक येते, काहीतरी कारण घेऊन येते. कारण निघून जातं, ती राहते.

*

पहिला किस्सा लिमये आजींचा. ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. अजूनही कोणी खोलीत आलं की आधी ते कुठल्या दिशेने आलं ते बघतात.

आमचे डॉक्टर सरदेसाई नवीन आले तेव्हा त्यांनी एक पद्धत सुरू केली. दर बुधवारी एका माणसाचा डबा टेबलावर ओतायचा आणि प्रत्येक गोळीला विचारायचं, तू कशासाठी? त्याला उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न, अजून कशासाठी? पहिल्या प्रश्नाला मी पटापट उत्तरं द्यायचे. दुसऱ्याला जुन्या फायली चाळायला लागायचे.

लिमये आजींचा डबा ओतला. मी उलटीकडून सुरुवात केली.

"ही पावडर पोट साफ व्हायला."

"पोट का साफ होत नाही?"

"लघवी धरून ठेवायची गोळी आहे ना, तिने बद्धकोष्ठ होतं."

"ती कशासाठी?"

"आजींना सारखं बाथरूमला पळायला लागतं."

"का?"

"लघवी होण्याची गोळी आहे, पायांची सूज उतरावी म्हणून."

"आणि सूज कशाने?"

ब्लड प्रेशरच्या गोळीने काही लोकांचे पाय सुजतात. हे मला परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं. मी ते लिहिलंही होतं.

म्हणजे आजी एका गोळीने सुजत होत्या, दुसरीने पळत होत्या, तिसरीने थांबत होत्या आणि पावडरीने परत पळत होत्या. डॉक्टरांनी प्रेशरची गोळी बदलून दुसरी दिली आणि मग मागची रांग एकेक करून, महिना-दीड महिना घेत, कमी केली. एकदम काही काढायचं नाही, एका वेळी एकच, आणि काढल्यावर माणसाकडे बघत राहायचं, हा त्यांचा नियम.

लिमये आजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे नदी एकच होती. तुम्ही प्रत्येक गावात तिला वेगळं नाव दिलंत."

*

जगताप आबा मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाली करण्यात आयुष्य गेलं. अजूनही खांदे असे की खुर्ची लहान वाटते.

त्यांना ॲसिडिटीची गोळी होती. पूर्वी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी चालू होती, तिच्याबरोबर पोटाला त्रास नको म्हणून दिलेली. दुखण्याची गोळी कधीच बंद झाली. ॲसिडिटीची राहिली. तिची स्ट्रिप आबांच्याच खिशात असायची, आणि ती भलतीच लवकर संपते हे माझ्या लक्षात आलं होतं.

एके दिवशी जेवणानंतर मी डायनिंग हॉलमध्ये डोकावले. आबा आपल्या टेबलावरच्या तिघांना गोळी वाटत होते. हातावर ठेवायची, वर म्हणायचं, "घ्या, पाव्हणं." पाहुणे घेत होते. एकाने तर आबांना नमस्कार केला.

"आबा, हे काय करताय?"

"जेवल्यावर घ्यायचीच असती ती. पानासारखी."

"अहो, ते औषध आहे."

"म्हणूनच वाटतोय. पान असतं तर एकट्यानंच खाल्लं असतं."

आबांची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. मधे काही दिवस छातीत जळजळलं, ते जळजळणार हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. पण जेवणानंतर आबांचा हात पुढे यायचा तो यायचाच. शेवटी शीला सिस्टरने, म्हणजे आमच्या कोपरखैरण्याहून येणाऱ्या दुपारच्या नर्सने, गोळीच्याच त्या छोट्या प्लास्टिकच्या कपात बडीशेप भरून द्यायला सुरुवात केली.

आबांनी चावून बघितली. म्हणाले, "ही कंपनी चांगली हाय."

*

आता आनंदी आजींचं सांगते, कारण खरा घोर तिथेच होता.

आनंदीबाई भोईर, जवळच्याच शिरवण्याच्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना कधी कधी होतो तसा त्यांना भ्रम झाला. नळ्या उपटायच्या, ओरडायच्या. तेव्हा हॉस्पिटलने शांत राहायची गोळी सुरू केली, आणि तेव्हा ती बरोबरच होती. भ्रम काही दिवसांत ओसरला असणार. गोळी मात्र आजींबरोबर आमच्याकडे आली आणि वर्षभर डब्यात बसून राहिली. दर आठवड्याला मीच भरत होते.

आजी दिवसभर खुर्चीत झोपलेल्या. जेवण भरवायला लागायचं. कवळी काढून ठेवलेली, कारण झोपेत घशात जाईल अशी भीती. सगळे म्हणायचे, "किती शांत आहेत बिचाऱ्या."

त्यांचा डबा ओतला त्या बुधवारी मी पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं, "सर, ही अजून कशासाठी?" आवाज इतका बारीक आला की सरांनी विचारलं, "काय म्हणालात?" दुसऱ्यांदा म्हणायला जास्त धीर लागतो.

आजींची मुलगी सुगंधाताई तुर्भ्याला फॅक्टरीत पॅकिंगला आहे. दर रविवारी येते. तिची परवानगी घ्यायला मी बसले. गोळी कमी केल्यावर काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. ती आईचा हात चोळत होती.

"मॅडम, आमची आई म्हनजे शिरवन्याची धवलारीन. लग्नात भटाच्या आदी हिचा मान. ही गान्याची एक ओळ म्हननार, मागं बायका झेलनार, मंग पुढची ओळ. हिच्याबिगर हलद लागत नव्हती कोनाला. आवाज असा, खाडीपर्यंत जायचा. आता बगा."

आजींची मान एका बाजूला कललेली होती. मी मान डोलावली, आणि सही कुठे करायची ते दाखवलं. धवलारीण हा शब्द मला नवा होता. देवळातल्या भजनासारखं काहीतरी गोड, संथ असेल, असं मनात आलं आणि मी गोळीच्या हिशोबाकडे वळले.

"पन एक सांगते," सुगंधाताई म्हणाली, "काय बी करा, तिला इथून काढू नका. माझी खोली वरच्या माळ्यावर, शिडीनं चढावं लागतं. मी कामाला गेली का तिला बगनार कोन?"

*

मधे एक धडा मिळाला, तोही सांगायला हवा. नाहीतर वाटेल, गोळी काढली की माणूस सुखी.

जगताप आबांना बडीशेप इतकी मानवली की त्यांना तत्त्वच पटलं. रोज सकाळी गोळ्या आल्या की ते विचारायचे, "ही कशासाठी?" सकाळच्या गडबडीत कोण उत्तर देणार. "घ्या आबा, घ्या पटकन," एवढंच.

एका दुपारी ते जेवायला आले नाहीत. मी खोलीत गेले तर आबा पलंगावर बसलेले, चेहरा तांबडा, डोकं दोन्ही हातांत. प्रेशर घेतलं. आकडा बघून शीला सिस्टरने मशीन काढून परत लावलं. परत तोच.

"आबा, सकाळची गोळी घेतली ना?"

आबांनी खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीकडे बोट दाखवलं. मातीत अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. फक्त आजच्या नव्हत्या.

सरदेसाई सर फोनवर होते, ॲम्ब्युलन्स सांगून ठेवली होती, मी आबांशी बोलत राहिले, जीभ अडखळते का, हात नीट उचलतात का ते बघत. आकडा खाली यायला अख्खा तास लागला. ही कल्पना त्यांच्या डोक्यात कोणी घातली? आम्हीच.

संध्याकाळी सर आले. पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि आबांना नीट सांगितलं, ही कशासाठी, ही का सोडायची नाही, सोडली तर मेंदूत काय होईल. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे पहिल्या दिवशी कोन बोललं असतं," ते म्हणाले, "तर झाडाला कशाला दिलं असतं?"

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. गोळी देणाऱ्याने कारण सांगायचं, रोज, विचारलं तरी आणि न विचारलं तरी. मनीप्लांट मात्र जगलं नाही.

*

लिमये आजींच्या सुनेचाही प्रसंग सांगते. कोपरखैरण्याला राहते, बँकेत आहे, सासूवर मनापासून जीव. एक दिवस भेटायला आली आणि डबा उघडून बघितला. पूर्वी कप्पे ओसंडायचे, आता प्रत्येकात एक किंवा दोन.

ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला स्पष्ट सांगा. तुम्ही हात वर केलेत का?"

"नाही हो..."

"माझ्या आईच्या वेळी असंच झालं होतं. आधी औषधं कमी केली. मग म्हणाले, घरी घेऊन जा."

फायदे-तोटे सगळे पाठ होते. पण तिच्या डोळ्यांत जे होतं त्यावर माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं. मी नुसतीच "तसं नाहीये, तसं नाहीये" म्हणत राहिले, आणि जितकं म्हणावं तितकं ते तसंच असल्यासारखं ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात आजी पॅसेजमधून आल्या. काठी न घेता. पूर्वी चक्कर यायची, ती बंद झाली होती.

"सुनबाई, मरायची असते तर आधी तुला फोन केला असता. चल, चहा घे. आणि ही खिडकी पश्चिमेची आहे, ऊन येतं. पडदा लाव."

*

त्याच लिमये आजींनी एकदा माझी उलटतपासणी घेतली.

मनवा दुपारी त्यांच्या खोलीत चित्रं काढते. एक दिवस मी तिला चमचाभर सिरप पाजत होते. आमच्या सोसायटीतल्या एका आईने सांगितलेलं, मुलांच्या बुद्धीसाठी आणि बोलण्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. बाटलीवर एक हसणारा मुलगा होता, त्याच्या डोक्यामागे सूर्य उगवत होता.

"ही कशासाठी?" आजींनी विचारलं.

"टॉनिक आहे, आजी."

"ते कळलं. कशासाठी?"

"ती... जरा परत परत म्हणते ना सगळं."

"आणि हे प्यायल्यावर काय करेल?"

मी मनवाकडे पाहिलं. मनवा म्हणाली, "हे प्यायल्यावर काय करेल."

आजींनी बाटली हातात घेतली, चष्मा वर करून वाचली आणि मला परत दिली. "चांगली आहे," म्हणाल्या. "आईला शांत झोप लागत असेल तर चालू ठेव."

मी ती बाटली पर्समध्ये टाकली. चावीशेजारी. तिथे ती अजून आहे. फेकवत नाही आणि पाजवतही नाही.

*

आता शेवटचा. तोच, ज्याने माझी झोप उडवली होती.

आनंदी आजींची गोळी उतरत गेली तसा फरक दिसायला लागला. आधी मान वर आली. मग डोळे माणसामागे फिरायला लागले. मग एका रविवारी सुगंधाताई आली, तेव्हा आजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का गो?"

सुगंधाताई पलंगावर डोकं टेकून रडली. शीला सिस्टर रडली. मी स्टोअर रूममध्ये जाऊन रडले. मला वाटलं, झालं. जिंकलो.

सोमवारी दुपारी आजी ओरडायला लागल्या.

साधं ओरडणं नव्हतं. उठून बसायच्या, मूठ वळून पलंगाचा लोखंडी दांडा बडवायच्या, धाड, धाड, धाड, आणि एकच काहीतरी जोरात म्हणायच्या. कवळी नसल्याने ओरडण्यातले शब्द कळत नव्हते. मग एकदम थांबायच्या. खोलीत जो असेल त्याच्याकडे रोखून बघायच्या. आणि परत तेच, आणखी मोठ्याने. घसा बसेपर्यंत.

मंगळवारी शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या मुलाने रेगे मॅडमकडे तक्रार केली. त्याचंही चुकीचं नव्हतं, त्याचे वडील दचकून उठत होते. रेगे मॅडम पहिल्यांदा माझ्याशी मोठं वाक्य बोलल्या. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर गोळी परत सुरू. आणि गोळीनेही नाही थांबलं, तर त्यांच्या मुलीला दुसरीकडे सोय बघायला सांगावं लागेल."

मी सुगंधाताईला फोन केला. "आई ओरडतात, पलंग बडवतात," एवढंच सांगू शकले. मागे मशीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मॅडम, मंग द्या ती गोली. झोपू द्या तिला. पन काढू नका."

बुधवारी सरदेसाई सरांनी तासभर तपासलं. लघवीत इन्फेक्शन? नाही. खुबा दुखतोय? दाबून पाहिला, नाही. पोट? साफ. कान? मळ काढला. "जुना भ्रम परत आला असं मला दिसत नाही," ते म्हणाले. "नाव सांगतायत, वार सांगतायत. कवळी बसवा. त्या काहीतरी मागतायत. काय ते शोधा."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर द्यावी लागेल," सर म्हणाले. "छोट्यात छोटा डोस. पण आधी शोधा."

कवळी बसवली. गुरुवारी शब्द कळले. "उठा गो बायांनो, हलद कांडाला!" आणि धाड, धाड.

"हळद मागतायत," शीला सिस्टर म्हणाली. तिने किचनमधून हळदीचं दूध आणलं, गरम, साखर घालून. आजींनी एक घोट घेतला, पेला बाजूला ठेवला आणि शीलाकडे अशा नजरेने पाहिलं की ती बिचारी म्हणाली, "मॅडम, मला आज माझ्या सासूची आठवण आली."

आणि परत, "उठा गो बायांनो!" धाड.

"हुकूम सोडतायत आता," रेगे मॅडम दारातून म्हणाल्या. "हे वाढतंय."

त्या दिवशी घरी गेल्यावर मनवाने मला विचारलं, "आनंदी आजी रागावलीय का?" मी म्हटलं, "माहीत नाही गं." ती म्हणाली, "माहीत नाही गं." मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. कूस बदलत पडून राहिले. एक नव्वदीला आलेली बाई आपल्याला काहीतरी सांगतेय आणि एक साडेचार वर्षांची काही सांगतच नाहीये, आणि मधे आपण, बी.फार्म., फर्स्ट क्लास.

शुक्रवार. दुपार उलटत आलेली. खोलीत मी, दारात रेगे मॅडम, त्यांच्या मागे शेजारच्या आजोबांचा मुलगा, हाताची घडी घालून. शीला सिस्टरच्या हातात तो छोटा प्लास्टिकचा कप, त्यात अर्धी गोळी. सरांनी फोनवर परवानगी दिली होती, नाइलाजाने. "आज खूप झालं असेल तर द्या. तुम्ही तिथे आहात, तुम्ही ठरवा." हे मी ठरवायचं होतं. मी, जिला मुलीच्या सिरपचं ठरवता येत नव्हतं.

आजी बसल्या होत्या. केस विस्कटलेले, घसा पार बसलेला. मूठ दांड्यावर आदळत होती, हात लाल झाला होता.

"उठा गो बायांनो, हलद कांडाला..."

थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. शीलाकडे पाहिलं. रेगे मॅडमकडे पाहिलं.

"आजी, शांत व्हा," मी म्हटलं. "हे बघा, एवढं घेऊन टाका. ही कशासाठी आहे सांगू का..."

आणि वाक्य पुढे जाईना. आमचा नियम होता. कारण सांगायचं. माझ्याकडे कारण नव्हतं.

मूठ वर गेली. "उठा गो बायांनो, हलद कांडाला..."

रेगे मॅडमच्या बाजूने वाट काढत मनवा आत आली. व्हॅन आली होती. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. ती पलंगाशी गेली, दांड्यावर आपले दोन्ही हात ठेवले आणि शाळेत म्हणतात तशी, सुरात, म्हणाली,

"उठा गो बायांनो, हलद कांडाला."

मी तिला ओढायला पुढे झाले. माझ्या दोन्ही काळज्या एका पलंगावर समोरासमोर आल्या होत्या, आणि मला वाटलं, आता आजी हिला मारणार.

आजींची मूठ हवेतच थांबली होती. त्यांनी मनवाकडे पाहिलं. मग मूठ हळूच खाली आली, दांड्यावर टेकली, आणि त्या म्हणाल्या, ओरडून नाही, लांब, खालून वर नेत,

"नवरीचे आंगनान उजेर परला..."

"नवरीचे आंगनान उजेर परला," मनवा म्हणाली, आणि दांड्यावर दोन थापा मारल्या.

ही ओळ आम्ही कोणी कधी ऐकली नव्हती. चार दिवसांत आजी पहिल्यांदा पुढे गेल्या होत्या.

मग आजींनी मान उचलली आणि मनवाच्या डोक्यावरून आमच्याकडे पाहिलं. एकेकीकडे. दारातल्या मुलाकडेसुद्धा. आणि गप्प राहिल्या.

शीलाने कप माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, सांगा की. देऊ का?"

मनवाने माझी ओढणी खाली ओढली.

"आई, म्हण ना. आजी कधीची थांबलीय."